आश्रित कोणास म्हणावे?

शाळेत संस्कृत शिकवीत असताना ‘पोष्यवर्ग’ हा शब्द आला, म्हणजे मी मुलांकडून त्याची यादी तोंडपाठ करवून घेत असे. दक्षस्मृतीत ती आलेली आहे : आई, बाप, गुरू, भार्या, मुलेबाळे, दीन, आश्रयास आलेला, अभ्यागत, अतिथी आणि सर्वांच्या शेवटी अग्नी. अग्नीपाशी आलो की मागच्या बाकावर हमखास हशा पिकावयाचा. परंतु त्या यादीत हसण्यासारखे काही नाही. आपल्या घरांतून बालविधवा आत्या, शिकावयास राहिलेला भाचा, कोणी दूरचा म्हातारा काका अशी माणसे राहत, आणि ती कोणाच्या नावे मांडावयाची हा प्रश्न कोणी कधी केला नाही. पान वाढले जाई, इतकेच.

आयकराच्या कायद्यातही असा एक पोष्यवर्ग आहे. मात्र तो फार लहान आहे, आणि कलमागणिक त्याची व्याख्या बदलते. ही गोष्ट आमच्या घरात कोणास ठाऊक नव्हती. त्या अज्ञानाचे फळ २०२५ साली आम्ही भोगले. ज्या दोघा भावांची ही हकीकत आहे त्यांच्या संमतीने, नावे वगळून, ती येथे सांगत आहे. कारण आमच्यासारखी कुटुंबे पुष्कळ असतील असे मला वाटते.

माझे धाकटे बंधू अकाली वारले. त्यांची दोन मुले. थोरला तेव्हा कॉलेजात होता. पुढे तो रेल्वेच्या नोकरीस लागून दौंडला स्थायिक झाला. धाकट्याचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेलेला. शिक्षणासाठी तो माझ्याकडे शिरूरला, म्हणजे जुन्या लोकांच्या घोडनदीला, आला आणि आमच्याच घरात वाढला. थोरल्याने आपले कर्तव्य कधी चुकविले नाही. पगार झाला की पहिल्या तारखेस धाकट्यासाठी दोन हजार रुपये माझ्याकडे यावयाचे; कुबड्या, कॅलिपर, पुण्याच्या डॉक्टरांची फी, हे सारे त्याचेच. अपंगत्वाचा दाखला शेकडा पन्नासाचा होता. त्यामुळे थोरला आपल्या विवरणपत्रात अपंग आश्रिताची ७५ हजारांची वजावट घेई, आणि ती घेण्याचा त्यास पूर्ण अधिकार होता.

२०२१ च्या उन्हाळ्यात धाकट्यास शिरूरातील एका पतसंस्थेत नोकरी लागली. आज त्यास महिना पंचवीस हजार मिळतात. त्या दिवशी आमच्या घरी पेढे वाटले गेले. दौंडहून थोरला सहकुटुंब आला होता. तरीही त्याचे दोन हजार चालूच राहिले. धाकट्याने दोन वेळा ‘दादा, आता नको’ म्हणून सांगितले, थोरल्याने ऐकले नाही. आणि मीही ते पैसे धाकट्याच्या नावे पोस्टात टाकीत राहिलो. अशा रीतीने घरातला व्यवहार जुन्याच वळणाने चालला, आणि विवरणपत्रातला रकानाही.

येथे माझा अपराध आहे तो लपवीत नाही. थोरल्याचे विवरणपत्र दौंडचे एक गृहस्थ भरून देत. दरवर्षी जुलैत ते दाखल्याची प्रत मागवीत व मी ती पाठवीत असे. २०२४ साली त्यांनी धाकट्याचा पॅन क्रमांकही मागितला. विवरणपत्राच्या नमुन्यात त्या वर्षापासून अपंग आश्रिताचे नाते, त्याचा पॅन, आधार वगैरे तपशील भरावयाचे नवे रकाने आले होते. मी चष्मा लावून, कार्डाचे छायाचित्र काढून, व्हॉट्सॲपवर पाठवून दिले आणि मोठे काम केल्यासारखा गाद्यांवर जाऊन पडलो. कशासाठी पाहिजे हे विचारण्याचे मला सुचले नाही. इकडे धाकटा आपले विवरणपत्र मोबाइलवर स्वतःच भरीत होता, कारण स्कूटरच्या कर्जासाठी ते लागले होते. आणि त्यात कलम ८०-यू खाली स्वतःच्या अपंगत्वाची ७५ हजारांची वजावट तो घेत होता. एकाच पायाची दोन ठिकाणी वजावट! दोघांसही याचा पत्ता नव्हता. यंत्रास मात्र तो लागला असावा.

जून २०२५ च्या अखेरीस थोरल्याचा फोन आला. आवाजावरूनच काही अशुभ घडले असे मी समजलो. ‘काका, इन्कम टॅक्सची नोटीस आहे. छाननीला घेतलंय.’

प्रथम मी त्यास नोटीस खरी की खोटी हे पाहावयास सांगितले. हल्ली खात्याच्या नावाने पैसे उकळणारी बनावट पत्रे फार येतात. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या प्रत्येक पत्रावर एक ओळखक्रमांक असतो, आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर घालून ताडून पाहता येतो. नोटीस खरी निघाली. कलम १४३(२) ची होती, आणि मुदतीत होती : ज्या आर्थिक वर्षात विवरणपत्र भरले ते संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती बजावावी लागते. पुढे जुलैत प्रश्नावली आली. तीत धाकट्याचा पॅन देऊन सरळ विचारले होते की, ही व्यक्ती आपणांवर अवलंबून असल्याचा पुरावा सादर करावा.

पूर्वी अशा प्रसंगी फायलींचे गाठोडे घेऊन पुण्यास जावे लागे, कचेरीच्या बाकावर बसावे लागे, आणि साहेबाच्या चेहऱ्यावरून पुढचे अनुमान करावे लागे. आता अधिकारी कोण, कोणत्या गावी बसला आहे, हे कळतच नाही. सारे उत्तर संकेतस्थळावरूनच द्यावयाचे. प्रत्यक्ष सांगावयाचे असल्यास दूरदर्शनावरून बोलल्यासारखी सुनावणी मागता येते. मला ही पद्धत एका अर्थी बरी वाटली. चेहरा दिसत नाही तेथे आर्जव चालत नाही, आणि ओळखही चालत नाही. कागद काय बोलतो एवढेच उरते. मात्र उत्तर न देणे सर्वांत वाईट. प्रत्येक चुकीस दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि अधिकारी आपल्या अंदाजाने कर ठरवून मोकळा होतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आरोग्यविम्याच्या हप्त्याचे कलम ८०-डी. त्यात आपण स्वतः, पती वा पत्नी, अवलंबून असलेली मुले आणि आईबाप येतात. आईबाप अवलंबून असलेच पाहिजेत असे नाही; पेन्शनर वडिलांचा हप्ता मुलाने भरला तरी चालतो. पण सासूसासरे त्यात नाहीत, भाऊबहीण नाहीत. ८०-डीडी हे अपंग आश्रितासाठी, आणि ८०-डीडीबी ठरावीक दुर्धर रोगांच्या उपचारासाठी. या दोहोंत भाऊबहीण येतात, परंतु ती सर्वस्वी किंवा मुख्यत्वेकरून करदात्यावर अवलंबून असली पाहिजेत. ८०-डीडी मध्ये रक्कम ठरीव आहे : ७५ हजार, आणि अपंगत्व शेकडा ऐंशी वा त्याहून अधिक असेल तर १ लाख २५ हजार. शिवाय एक अट अशी की, त्या आश्रिताने स्वतःच्या विवरणपत्रात ८०-यू ची वजावट घेतलेली नसावी. आत्या, मावशी, भाचा, पुतण्या यांस या कलमांत जागा नाही. अविभक्त हिंदू कुटुंबाची स्वतंत्र फाइल असल्यास त्या कुटुंबाचा कोणीही सभासद चालतो, पण आमच्याकडे तशी फाइल कधीच नव्हती. म्हणजे गंमत पाहा : ज्या मुलास मी इतकी वर्षे जेवू घातले तो कायद्याच्या लेखी माझा कोणीच नव्हता, दौंडला राहणाऱ्या भावाचा मात्र तो आश्रित होता. ज्या दिवशी तो स्वतः मिळवू लागला त्या दिवशी तो त्याचाही राहिला नाही.

(ही सर्व कलमे १९६१ च्या कायद्याची. २०२५ च्या नव्या कायद्याचा आरंभदिन १ एप्रिल २०२६ हा असून त्यात आकडे निराळे आहेत. परंतु त्यापूर्वीच्या वर्षांची प्रकरणे जुन्याच कायद्याने चालावयाची. आणि ज्यांनी नवी करपद्धती पत्करली आहे त्यांस या वजावटी मुळीच मिळत नाहीत, त्यामुळे त्यांस हा प्रश्नही नाही.)

थोरला एका रविवारी मोटारसायकलीवरून चौफुला, न्हावरे करीत शिरूरला आला. त्याच्या पिशवीत एक कागद होता. दौंडच्या त्या गृहस्थांनी तो तयार करून दिला होता : धाकट्याचे प्रतिज्ञापत्र. मी सर्वस्वी माझ्या थोरल्या भावावर अवलंबून असून माझा सर्व खर्च तोच करतो, असा मजकूर. खाली साक्षीदार म्हणून माझे नाव आधीच टंकलेले. ‘सगळे असेच करतात,’ असे त्या गृहस्थांनी सांगितले होते. मासिक दोन हजारांच्या नोंदी जोडल्या की पुरे, म्हणे.

कबूल करतो, मी क्षणभर डळमळलो. पैसे खरोखरच जात होते, भाऊ खरोखरच अपंग होता. मग त्यात खोटे ते किती, असे मन म्हणू लागले. आमच्या सौभाग्यवतींनी चहा ठेवला. धाकटा आतून कुबडी टेकीत आला, त्याने कागद उचलून वाचला. दोन वेळा वाचला. मग तो जे बोलला ते मी तसेच्या तसे देतो : ‘दादा, मी चार वर्षं सकाळी दहाला काउंटरवर बसतो. अवलंबून कोणावर? काका, तुम्हीपण सही करणार होतात?’

थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्यास इतका वेळ करामुळे लाज वाटत होती, आता ती निराळ्या कारणाने वाटू लागली. ‘तुला कमी लेखावं म्हणून नाही रे लिहिलं,’ एवढेच तो म्हणाला. तो कागद चुलीत गेला असे म्हणणे शोभले असते, पण आमच्याकडे गॅस आहे. सौभाग्यवतींनी तो फाडून केराच्या डब्यात टाकला.

खोट्या कागदाची किंमत कायद्यात लिहिलेलीच आहे. थोरल्याच्या उत्पन्नावर शेकडा वीसचा दर लागतो. ७५ हजारांवर कर १५ हजार, त्यावर चार टक्के उपकर ६०० रुपये, मिळून १५ हजार ६०० रुपये. चुकीने उत्पन्न कमी दाखविले गेले असल्यास या रकमेच्या निम्मा, म्हणजे ७ हजार ८०० रुपये दंड. वस्तुस्थितीचा विपर्यास केला किंवा ती दडवून ठेवली असे ठरल्यास दंड दुप्पट, म्हणजे ३१ हजार २०० रुपये. पहिल्या प्रकारात दंडमाफीचा मार्ग होता, दुसऱ्यात त्या वेळी नव्हता. शिवाय खोट्या कथनाबद्दल कलम २७७ खाली खटला होऊन कारावासही होऊ शकतो. प्रतिज्ञापत्राने चूक लपली नसती. चुकीचे अपराधात रूपांतर मात्र झाले असते, आणि त्यात माझ्यासारखा साक्षीदार आयता गुंतला असता. धाकट्याचे वेतन तर त्याच्या पॅनवर खात्यास दिसतच होते.

ही चूक आमच्याच घरी झाली असे नाही. अमेरिकेत पूर्वी विवरणपत्रात मुलांची नुसती नावे लिहिली की प्रत्येकामागे सूट मिळे. १९८६ च्या कायद्याने पाच वर्षांवरील प्रत्येक आश्रिताचा सरकारी क्रमांक लिहिणे सक्तीचे केले. आणि १९८७ सालच्या विवरणपत्रांतून सुमारे सत्तर लाख मुले नाहीशी झाली! काही मुळात नव्हतीच. काहींस घटस्फोटित आई व बाप दोघेही आपापल्या नावे दाखवीत होते. आपल्याकडे २०२४ साली पॅनचा रकाना आला तो त्याच जातीचा उपाय. तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलांनाही एक गोष्ट सांगून ठेवावी. शिरूरला किंवा पुण्याला राहणाऱ्या आईबापांस दरमहा कितीही डॉलर पाठविले, तरी ते अमेरिकेचे नागरिक वा तेथील कायद्याप्रमाणे रहिवासी नसतील तर त्यांस तेथील विवरणपत्रात आश्रित म्हणून दाखविता येत नाही. कॅनडा व मेक्सिकोच्या रहिवाशांस ती सवलत आहे, हिंदुस्थानच्या नाही. पुत्रधर्म निराळा आणि करकायदा निराळा.

आपल्या देशातही कुटुंबाचा भार पाहून कर ठरविण्याचा प्रयत्न झालेला आहे. १९५५ च्या अंदाजपत्रकात चिंतामणराव देशमुखांनी करमाफ उत्पन्नाची मर्यादा विवाहितांस दोन हजार व अविवाहितांस एक हजार अशी वेगळी केली. पुढे काही काळ मुलांमागेही थोडी सूट होती. त्या पद्धतीचा नंतर लोप झाला आणि उरली ती ही विमा, रोग व अपंगत्व यांची कलमे. त्यांचा दुरुपयोगही थोडा नाही. जुलै २०२५ मध्ये, म्हणजे आमचे प्रकरण चालू असतानाच, खात्याने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत सुमारे दीडशे ठिकाणी खोट्या वजावटी भरून देणाऱ्या मध्यस्थांची झडती घेतली. मागील चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार करदात्यांनी आपण होऊन १ हजार ४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने त्या वेळी प्रसिद्ध केले. थोरल्याने ती बातमी मला फोनवर वाचून दाखविली. ‘म्हणजे मी या चाळीस हजारांतला,’ तो म्हणाला. मी म्हटले, ‘तू त्यांच्यानंतरचा. ते नोटिशीआधी उठले.’

उत्तराचा मसुदा आम्ही तिघांनी आमच्या ओटीवर बसून केला. मी शुद्धलेखन पाहिले, मजकूर धाकट्याचा. त्याचा आग्रह असा की, आपला नेमणुकीचा हुकूम आणि वेतनाच्या पावत्या सर्वांत वर लावाव्यात. पत्रात चारच गोष्टी होत्या. भाऊ अपंग आहे, हा त्याचा दाखला. नोकरी लागेपर्यंत तो माझ्यावर अवलंबून होता, ही त्या काळातील खर्चाची कागदपत्रे. नोकरी अमुक दिवशी लागली, त्यानंतर वजावट घेणे बरोबर नव्हते. ती माझ्याकडून पूर्वीप्रमाणे चालू राहिली. ती नामंजूर करून कर व व्याज आकारावे. हा वस्तुस्थितीचा विपर्यास समजू नये. कोठे ‘अनवधानाने’ हा शब्द घालावा असे माझ्या मनात होते. धाकटा म्हणाला, ‘काका, तारखाच बोलू देत.’ तो शब्द गाळला.

मग मागल्या वर्षांचा प्रश्न निघाला. चूक तीन करनिर्धारण वर्षांची होती, २०२२-२३, २०२३-२४ आणि २०२४-२५. नोटीस फक्त शेवटच्या वर्षाची. थोरला म्हणाला, ‘मागितलेलं नाही तेही द्यायचं का?’ प्रश्न व्यवहारी होता. वहिनींनी, म्हणजे त्याच्या पत्नीने, स्वयंपाकघराचा ओटा बदलण्यासाठी पैसे साठविले होते. मी काही बोललो नाही, कारण पैसे माझे नव्हते. शेवटी तिनेच निकाल दिला : ओटा पुढच्या वर्षी.

छाननी चालू असलेल्या वर्षाचे विवरणपत्र असे बदलता येत नाही. परंतु इतर वर्षांसाठी ‘अद्ययावत विवरणपत्र’ भरण्याची सोय २०२२ पासून आहे. २०२५ च्या अर्थविधेयकाने तिची मुदत करनिर्धारण वर्ष संपल्यापासून अठ्ठेचाळीस महिन्यांपर्यंत वाढविली. उशिराप्रमाणे जादा कर चढत जातो : पहिल्या वर्षात शेकडा २५, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७०. ऑगस्टमध्ये थोरल्याने दोन्ही भरली. २०२३-२४ साठी १५ हजार ६०० वर ७ हजार ८००, २०२२-२३ साठी ९ हजार ३६० जादा. व्याज वेगळे, आणि जादा कर त्या व्याजावरही. तिन्ही वर्षांचा आकडा ऐंशी हजारांच्या वर गेला. पहिल्याच वर्षी कोणी ‘धाकटा काय करतो?’ एवढे विचारले असते तर ३१ डिसेंबरपूर्वी सुधारित विवरणपत्र भरून केवळ कर व व्याजावर सुटता आले असते. ते विचारणे माझे काम होते.

आदेश नोव्हेंबरात आला. वजावट नामंजूर झाली, आणि उत्पन्न कमी दाखविल्याची, म्हणजे सौम्य प्रकारची, दंडाची कारवाई सुरू केल्याचे लिहिले होते. मागणीची रक्कम तीस दिवसांत भरली, अपील न केले, आणि आदेश मिळालेला महिना संपल्यापासून एक महिन्यात नमुना ६८ मध्ये अर्ज दिला, तर या प्रकारचा दंड माफ होतो. थोरल्याने आठवड्यात पैसे भरले, डिसेंबरात अर्ज दिला, आणि तो मंजूर झाला. दरमहाचे दोन हजार तो अजून पाठवितो. आता ते थेट धाकट्याच्या खात्यावर जातात, आणि त्यावरून दोघांत दर पहिल्या तारखेस फोनवर भांडण होते. मी त्यात पडत नाही.

आदेशाची छापील प्रत धाकट्याने माझ्याकडून मागून घेतली. चार पानी इंग्रजी मजकूर, पण तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे : सदर भाऊ वेतन मिळविणारी व्यक्ती असून करदात्यावर अवलंबून नाही. ती प्रत त्याने अपंगत्वाच्या दाखल्याच्याच प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवली आहे.